शिमोन आप्पांची माफी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. मेजावर पांढरं कापड, त्यावर भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे पेले. मंडळी मान खाली घालून गप्प बसलेली असते. आता पाळक भाकर मोडणार, एवढ्यात शिमोन आप्पा झग्याचा घोळ सावरत मेजापासून खाली उतरायचे, बाकांच्या मधून चालत जायचे आणि कुणाच्या तरी समोर हात जोडून उभे राहायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला निपाणीत येऊन चारच दिवस झाले होते. बायबल कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो, आप्पांच्या हाताखाली सहायक पाळक म्हणून नेमणूक होती आणि नव्या झग्याची इस्त्री मोडू नये एवढीच मला चिंता होती. आप्पा सरूबाईंपुढे जाऊन थांबले. सरूबाई तंबाखूच्या वखारीत काम करायच्या आणि कायम शेवटच्या बाकावर बसायच्या.

"सरूबाई, बुधवारी तुमच्या घरी आलतो. तुमी लेकाचं सांगत हुता आणि मी घड्याळ बघितलं. चुकलं माझं. माफ करा."

"असू द्या वो आप्पा. मला तर कळलं बी न्हाय."

"मला कळलं की," आप्पा म्हणाले आणि परत मेजाकडे गेले.

शरमेनं माझे कान तापले. बेळगावात खडेबाजारात आमचं शिंप्याचं दुकान. गिऱ्हाइकाचा कोट घट्ट झाला तर माझे वडील "तुमचंच अंग सुटलंय साहेब" म्हणून त्यालाच ओशाळं करून परत पाठवायचे. चूक कबूल केली की धंदा बसला, हे मी पाळण्यातच शिकलो होतो. आणि इथे आमचे वरिष्ठ पाळक, सत्तरीला टेकलेले, पांढऱ्या झग्यातले, वखारीतल्या बाईपुढे हात जोडत होते.

दुपारी जेवताना मी विषय काढलाच. पाळकानं चारचौघांत असं केलं तर मंडळीत त्याचा मान काय राहणार, असं जरा आडवळणानं विचारलं. आप्पा ताटात भाकरी चुरत होते. "भाकर मोडायच्या आधी हात धुवायचं का न्हाय?" एवढंच म्हणाले आणि आमटी मागितली.

या सवयीमागची गोष्ट मला पुढे सुलाआक्कांनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीनं, सांगितली. तरुणपणी आप्पा बेळगावजवळच्या मच्छे गावी एका लहानशा मंडळीचे पाळक होते आणि भलतेच कडक होते. त्यांचे थोरले भाऊ त्याच मंडळीत होते. भाऊ हलगी वाजवायचे. बाप्तिस्मा झाला तरी गावच्या जत्रेत वाजवायला जायचे, कारण हातात ती कला होती आणि गाव बोलावत होतं. आप्पांनी दोनदा बजावलं. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला भाऊ मेजापुढच्या कठड्याशी गुडघे टेकून, ओंजळ पुढे करून बसले असताना आप्पा त्यांना वगळून शेजारच्या माणसाकडे गेले. भाऊ ओंजळ तशीच धरून बराच वेळ बसले होते. मग उठून गेले ते पुन्हा चर्चची पायरी चढले नाहीत. दोन वर्षांनी ते वारले तेव्हा भावकीनं आप्पांना कळवलंसुद्धा नाही.

"त्या रविवारी मंडळीच्या पंचांनी ह्यांची पाठ थोपटली बघ," आक्का म्हणाल्या. "पाळक असावा तर असा, म्हणालं. त्येच लई वाईट झालं."

आप्पा स्वतः त्याबद्दल एकदाच बोलले. आम्ही घरभेटीला चालत निघालो होतो. "सामू," ते म्हणाले, "मला राग आला की मी त्येला देवाचा राग म्हणायचो. देवाला कशाला मधी घ्यायचं? राग माझाच हुता. पाळकाचा भाऊ हलगी बडवतोय म्हणून लोकं मला हसतील, ह्येचा राग हुता. एवढं कळायला मला भाऊ मरावा लागला." 

घरभेटीत आप्पा फार कमी बोलत. इचलकरंजीला यंत्रमागावर जाणाऱ्या आमच्यातल्या एकाची सात वर्षांची मुलगी तापानं गेली, तेव्हा आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. तो भिंतीला टेकून बसला होता आणि "का नेली? का नेली?" एवढंच म्हणत होता. मी पुढे सरसावलो. देवाची योजना आपल्याला कशी कळत नाही वगैरे सुरू केलं. आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो चांगला दाबला. मग त्या माणसाशेजारी भिंतीला टेकून ते दुपारभर बसून राहिले. उठताना प्रार्थनासुद्धा दोन ओळींची केली. बाहेर आल्यावर मी फुरंगटून विचारलं, "त्यानं विचारलेलं ना आप्पा? उत्तर नको द्यायला?"

"त्येला उत्तर नको हुतं रं. तुला द्यायचं हुतं."

दुसऱ्यांदा त्यांनी मला टोकलं ते मंडळीच्या सेक्रेटरींवरून. त्यांचं आणि माझं लाउडस्पीकरवरून वाजलं होतं. तो वचपा मी रविवारी पुलपिटावर उभा राहून उपदेशात काढला. ढोंगी धर्मपुढाऱ्यांवर अर्धा तास बोललो आणि बोलताना एकदाही त्यांच्यावरून नजर हलवली नाही. आप्पा नंतर म्हणाले, "पुलपिटावरनं दगड मारू नगंस. खाली बसल्याला परत मारता येत न्हाय." मला ते पटलं. आप्पांचं मला सगळंच पटायचं, पटायचं आणि तिथंच राहायचं. सेक्रेटरींकडे मी गेलो नाही.

माझ्या सहाव्या वर्षी आप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, छत्री. मग एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाकडून वचन दोनदा वदवून घेतलं. लोक हसले, आप्पाही हसले. पण पुढे एक दफनविधी होता. दोन भावांतला धाकटा गेला होता. कबरीवर माती लोटताना आप्पांनी नाव घेतलं ते थोरल्याचं, आणि थोरला समोर मूठभर माती घेऊन उभा होता. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मेलेल्याच्या बायकोनं जो हंबरडा फोडला तो मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी पंचांची मीटिंग होती. सगळे आप्पांना सांभाळून बोलत होते. मला राहवलं नाही.

"आप्पा, तुम्ही महिन्याला एक माफी मागून मोठे ठरता, आणि तुमच्या चुका निस्तरत आम्ही घरोघर फिरतो. आता बास करा. लोक हसतात तुम्हाला."

 आप्पांनी कोपऱ्यातली छत्री घेतली आणि सावकाश बाहेर गेले. आक्का चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या विधवेसाठी, मंडळीसाठी मी बोललो, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे सहा वर्षं मी दुसऱ्याच्या हाताखाली होतो आणि मेजामागे उभं राहायची मला घाई झाली होती.

महिनाभरात आप्पांना निवृत्त करण्यात आलं. त्यांचा शेवटचा रविवार प्रभुभोजनाचाच होता. ते खाली उतरले तेव्हा मला वाटलं, त्या विधवेकडे चाललेत. ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"सामू, त्या मिटिंगीनंतर मी तुझ्याशी धड बोललो न्हाय. मनात राग धरला. चुकलं माझं. माफ कर."

अख्खी मंडळी माझ्याकडे बघत होती. मी उठायला हवं होतं. माझी चूक त्यांच्या दहापट होती आणि ती तिथल्या प्रत्येक पंचाला ठाऊक होती. एक शब्द पुरला असता. मी गीतांचं पुस्तक उघडलं आणि पुढच्या गीताचा नंबर मोठ्यानं सांगितला. पेटीवाल्यानंसुद्धा लगेच सूर धरला नाही. आप्पा क्षणभर थांबले आणि मेजाकडे परत गेले.

ते दोघं बोरगावला, आप्पांच्या बहिणीच्या घरी राहायला गेले. निपाणीहून बोरगाव बसनं तासाभराचंही नाही. तेवढ्या वाटेला मी अडीच वर्षं लावली. कधी लग्नं होती, कधी सभा होत्या, कधी नाताळ होता. या काळात मी क्षमेवर तीन उपदेश केले आणि तिन्ही लोकांना आवडले.

शेवटी आक्कांचा फोन आला. "येऊन जा की रं एकदा," एवढंच म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. वाटभर वाक्यं जुळवत होतो. दारात आक्का म्हणाल्या, "माणूस वळखत्यात का न्हाय, सांगता येत न्हाय हं. मला बी कवा कवा सुला म्हणत्यात, कवा कवा बाई." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आप्पा पडवीत खाटेवर बसले होते. फार वाळले होते. मला बघून त्यांनी नमस्कार केला, घरी आलेल्या परक्या माणसाला करतात तसा.

"कुठलं पाव्हणं?"

"निपाणीचा, आप्पा."

"व्हय? निपाणीत आमची मंडळी हाय."

मी खाली त्यांच्या पायाशी बसलो. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "आप्पा, माझं चुकलं," मी म्हणालो. "त्या मीटिंगमध्ये मी बोलायला नको होतं. मला माफ करा." 

आप्पांनी अवघडून माझ्या खांद्यावर थोपटलं. "असू दे, असू दे. तुमी माझं काय केलंय? आपली तर आजच वळख." मग थोडं थांबून, जवळ वाकून म्हणाले, "तुमी निपाणीला परत जाणार न्हवं? माझं एक काम कराल?"

"सांगा ना."

"तिथं आमचा सामू हाय. नवा पाळक. बेळगावचा. पोरगं चांगलं हाय, जरा तापट हाय. त्येची मी सगळ्यांम्होरं माफी मागितली. तसं कराय नको हुतं. एकट्यात मागाय पायजे हुती. मी मोकळा झालो आणि त्यो बिचारा सगळ्यांत अडकला. मान वर करून बघंना. भेटला तर सांगा, आप्पाचं चुकलं म्हणावं. आप्पा रागावला न्हाय म्हणावं."

मी सामूच, असं सांगायला मी तोंड उघडलं. ते माझ्या तोंडाकडे उत्तराची वाट बघत होते.

"सांगतो," मी म्हणालो.

त्यांचं समाधान झालं. आक्कांनी चहा आणला. आप्पांनी स्वतःचा कप आधी माझ्यापुढे सरकवला, पाहुण्याच्या पुढे सरकवतात तसा.

पंधरा दिवसांनी ते गेले. मी मागितलेली माफी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. माझ्याकडे मात्र त्यांची माफी आहे, आणि ती मी एक परका माणूस म्हणून ऐकली आहे.