मांडीवरचा मान

आमच्या शेजारच्या काकांशी सहमत होणं उभ्या अलिबाग तालुक्यात आजवर कुणाला जमलेलं नाही. समोरचा त्यांच्या बाजूला आला, की काका लगेच पलीकडच्या बाजूला जातात. एकदा दारावर आलेल्या कोळणीला म्हणाले, "हे पापलेट कालचं आहे." ती म्हणाली, "आजचाच हाय, काका." बरीच हुज्जत झाल्यावर ती कंटाळून म्हणाली, "बरं, कालचा तर कालचा." त्यावर काका चिडले. "कालचं कसं? डोळे बघ त्याचे, कसे चकाकतायत." आणि तिने सांगितलेल्या भावात ते पापलेट घेतलं.

काका बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातले ज्यू. त्यांच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत, म्हणून गाव त्या घरांना शनवार तेली म्हणायचं. आता त्यांचं एकच घर उरलंय. काकू गेल्यापासून काका वाद घालायला माझ्या ओटीवर येऊ लागले. लेक इस्रायलमध्ये. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा काकांना दुसरा विषयच उरला नाही. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता, आणि त्या वेळी बाळाला मांडीवर घ्यायचा मान आजोबांचा. गुडघे कसे जुळवायचे, उशी कुठे ठेवायची, हे त्यांनी मला बसून दाखवलं. उशी अर्थात माझीच.

मुलगाच झाला. पण लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, आम्ही सुंता करणार नाही. शरीर त्याचं आहे. मोठा झाल्यावर वाटलं तर तो करून घेईल."

"तुझं नाव ठेवताना तुला कुठे विचारलं होतं?"

"नाव बदलता येतं, बाबा."

काकांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी ते अलिबागला मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, थोडे फायदे आहेत, थोडा धोकाही असतो. पण तब्येतीसाठी प्रत्येक बाळाची करायलाच हवी असं नाही. काका वैतागून परत आले. "हा माणूस दोन्ही बाजूंनी बोलतो. असल्याशी वाद कसा घालायचा?"

रागाने त्यांनी इस्रायलला जाणंच रद्द केलं. आठव्या दिवशी सकाळी मात्र आंघोळ करून, पांढरा सदरा घालून आपल्या ओटीवर बसलेले दिसले. मी चहा नेला.

"आज पोराला दुखलं नाही," ते म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, मला माझ्या आजोबांनी मांडीवर घेतलं होतं. त्यांना त्यांच्या. हे त्याला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा."

"मांडीवर घेतल्याशिवाय कसं सांगू?"

त्याच महिन्यात ते लेकीकडे इस्रायलला गेले. सुंता झालेली नाही आणि वादही मिटलेला नाही. फोनवर मागून लेकीचा आवाज चढलेला ऐकू येतो. इकडे त्यांची वाडी मी बघते, पडलेले नारळ उचलून ठेवते. परत कधी येणार, हे मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. मी बोलणार तोच काकांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या मागे कुठे इथल्यासारखा समुद्र दिसतोय का, ते मी शोधत राहिले. नुसती भिंत होती.