जमिलाच्या फुल्या

चिंचवडच्या कादर स्टोव्हवाल्याची थोरली मुलगी जमिला जन्मजात भित्री होती. कुत्र्याला भ्यायची, पोस्टमनला भ्यायची, आणि कंपनीचा भोंगा ठरल्या वेळीच वाजतो हे ठाऊक असूनही रोज दचकायची. कुणी जरा मोठ्या आवाजात नाव विचारलं तर आपण स्वतःचं नावच चुकीचं सांगू, अशी तिला धास्ती असे. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. जमिलाच्या पाठी तर त्याचं सगळं खानदानच असावं.

अशा मुलीला पिंपरीच्या औषधांच्या कंपनीत बाटल्या तपासायचं काम मिळालं, आणि तिथं मात्र तिची भीती उपयोगी पडली. दिव्यासमोर इंजेक्शनची बाटली धरायची, उलटी करायची, आत धागा किंवा काचेचा कण तरंगतोय का ते बघायचं. चांगली असली तर तशीच पुढं सरकवायची. खराब निघाली तर मेणाच्या लाल पेन्सिलीनं तिच्यावर फुली मारायची आणि वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायची. हे औषध उद्या कुणाच्या तरी लेकराच्या दंडात जाणार, या विचारानं जमिला बाटलीगणिक भ्यायची. त्यामुळे सहा वर्षांत तिच्या हातून एकही खराब बाटली पुढं गेली नाही.

साहेब तिच्यावर खूश होते. डोळे मात्र कुरकुरू लागले. संध्याकाळी त्यांतून पाणी गळायचं, दिव्याभोवती कडी दिसायची. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे काम फार तर आणखी वर्षभर. पुढं काय, ते सांगणं डॉक्टरांचं काम नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली जमिलानं पुण्याच्या बाजूच्या, अध्यापिका तयार करणाऱ्या कॉलेजचा अर्ज भरला. जागा चाळीस, अर्ज तीनशेच्या वर, म्हणून कॉलेजनं प्रवेश परीक्षा ठेवली होती. वयाची अट पंचवीस, आणि जमिलाला येत्या ऑगस्टात पंचवीस पुरी होणार होती. म्हणजे संधी एकच. ती हुकली तर डोळे घालवून घरात बसायचं आणि धाकट्या भावांच्या जिवावर जगायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न वाक्य पूर्ण करण्याचे. एक गाळलेली जागा, खाली चार शब्द. जेवणाच्या सुट्टीत जमिला सराव करी आणि तिच्या शेजारी बसून बाटल्या तपासणारी ताथवड्याची सरूबाई ऐकत बसे. सरूबाईला अक्षरओळख नव्हती, पण मराठी तिच्या बापजाद्यांची होती.

"ती आजारी होती, टिंबटिंब ती शाळेत आली," जमिला वाचे. "म्हणून, तरी, कारण, किंवा."

"आगं, ह्यात काय हाय?" सरूबाई भाकरी मोडत म्हणे. "चार बाटल्या समज. खराब हायत त्या बाजूला काढ, ऱ्हाईल ती चांगली. 'म्हणून' बसतंय का? न्हाई. 'कारण'? न्हाई. 'किंवा'? कायतरीच. ऱ्हायलं काय?"

"तरी."

"मंग झालं की."

दहातल्या आठ वेळा सरूबाईचं बरोबर येई. जमिलानं ही रीत मनाशी घट्ट धरली आणि दोन महिने रोज चाळीस वाक्यं तशीच सोडवली.

परीक्षेच्या दिवशी कादरनं तिला सायकलवर डबलसीट घेऊन चिंचवडच्या शाळेत सोडलं. "पेपर काय चावतो व्हय, बेटा?" तो म्हणाला. जमिला आत गेली. तिचे तळहात इतके भिजले होते की पेन दोनदा निसटलं. केंद्रावरच्या मुख्य बाई, कॉलेजच्या इंदुताई, उंच आणि करड्या आवाजाच्या. त्यांनी सूचना वाचून दाखवल्या, पण जमिलाच्या कानात नुसतं घूं घूं चाललं होतं. तिला एवढंच कळलं की फुली मारायची आहे.

पेपर उघडला आणि पहिलंच वाक्य ओळखीचं वाटलं. तीन शब्द खराब होते. तिनं त्या तिन्हींवर फुल्या मारल्या. दुसरं वाक्य, पुन्हा तीन फुल्या. हळूहळू हात ठरला, श्वास ठरला, आणि जन्मात पहिल्यांदा जमिला कशाला तरी भ्यायचं विसरली. छत्तीस प्रश्न झाले. मग तिनं शेवटचं पान उलटलं. वरती तीच सूचना पुन्हा छापली होती. योग्य शब्दावर फुली मारा. एकापेक्षा अधिक फुल्या असल्यास उत्तर चूक धरले जाईल. खाडाखोड करू नये.

तिनं ते तीनदा वाचलं. छत्तीस उत्तरं, आणि छत्तीसच्या छत्तीस चूक. शिल्लक फक्त चौदा. तिनं शेजारच्या मुलीच्या पानाकडं चोरून बघितलं. तिथं प्रत्येक वाक्याखाली एकच फुली होती.

गप्प बसावं, असं तिला वाटलं. तपासणाऱ्याला आपोआप समजेल. पण कोण कशाला समजून घेईल? तीनशे पेपर तपासायचे, त्यात हिचं कोडं कोण सोडवणार? हात वर करायचा तर तो मांडीवरून उठेना. करड्या आवाजाच्या त्या बाईंशी बोलायचं, भरल्या वर्गात, सगळ्यांच्या देखत, आणि आपला मूर्खपणा आपल्याच तोंडानं सांगायचा. घड्याळात सोळा मिनिटं उरली होती. तिनं उरलेले चौदा प्रश्न सूचनेप्रमाणे सोडवले. त्यात अकरा मिनिटं गेली. मग ती हात वर न करता सरळ उभीच राहिली.

"काय झालं?" इंदुताईंनी विचारलं.

"माझं उलटं झालं, बाई."

इंदुताईंनी पेपर चाळला. "हे काय? एका प्रश्नाला तीन फुल्या?"

जमिलानं बाटल्यांचं सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की बाईंना वाकून ऐकावं लागलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"दुसरी पत्रिका देता येत नाही," इंदुताई म्हणाल्या. "पाठीमागं तुमच्या हातानं लिहा, काय केलंत आणि का. सही करा. पुढचं मी सांगू शकत नाही."

जमिलानं लिहिलं, की पहिल्या छत्तीस प्रश्नांत ज्या शब्दावर फुली नाही ते माझं उत्तर आहे, कारण आमच्या कामात फुली खराब मालावर मारतात. शेवटची ओळ अर्धी असतानाच घंटा झाली.

पुढचे बावीस दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तेविसाव्या दिवशी पत्र आलं. प्रवेशाबद्दल त्यात अक्षर नव्हतं, फक्त कार्यालयात येऊन भेटा एवढंच. फसवणूक केली म्हणून बोलावलंय, अशी तिची खात्रीच झाली. कादर तिच्याबरोबर गेला आणि बाहेर कट्ट्यावर बसला.

इंदुताईंच्या टेबलावर तोच पेपर होता. "मी आणि तपासणाऱ्या बाईंनी, दोघींनी बसून तपासला," त्या म्हणाल्या. "मोकळे शब्द मी वाचले, त्यांनी गुण दिले. पन्नासात चव्वेचाळीस आहेत. तुम्हाला प्रवेश मिळाला आहे."

जमिला अब्बांना सांगायला दाराकडं वळली.

"पण मला एक विचारायचं होतं, म्हणून बोलावलं. तीन प्रश्नांत तुम्ही चारही शब्दांवर फुल्या मारल्यात. शिल्लक काहीच ठेवलं नाही. का?"

"शंका होती, बाई. कंपनीत नुसती शंका आली तरी बाटली बाद करायची असते. मग ती चांगली का असेना."

इंदुताईंनी पेपर मिटला. "दोन वर्षांनी तुमच्यासमोर चाळीस पोरं बसतील," त्या म्हणाल्या. "त्यांतल्या निम्म्यांबद्दल तुम्हाला शंका येईल. एकाही पोरावर फुली मारायची नाही. जमेल?"

जमिलानं मान हलवली, प्रवेशाच्या कागदावर सही केली आणि बाहेर आली. कादर कट्ट्यावरून उठला.

"काय झालं?"

"घेतलं, अब्बा."

"मग रडतीस कशाला? आता कुणाची भीती?"

"चाळीस पोरं आहेत, अब्बा," जमिला म्हणाली.