शिवणी ते बेलोरा, व्हाया मुर्तिजापूर

पाइपच्या दुकानात पाइपपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पाइप निदान विकला तरी जातो! आमच्या अकोल्याच्या बाजारातले विमानाचे किस्से तर आता गोडाऊनमध्येही मावत नाहीत.

आम्ही तिघं. मी पाइपवाला, शेजारचे बियाणेवाले नारायणकाका आणि टायरवाले रफिकभाई. मागणी एकच : अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून प्रवासी विमान सुटलं पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्या काकांनी तर जाहीरच केलं, "अकोल्यातून उडाल्याशिवाय मी काई जात नाई!"

कुठे जात नाहीत, ते आम्ही विचारलं नाही.

*

एकदा रफिकभाईंनी मोबाइलवर शोधलं. शिवणी ते बेलोरा, म्हणजे अकोला ते अमरावती विमानतळ. "काका, हवाई अंतर सत्तरेक किलोमीटर. टाइम पंधरा-वीस मिनिटं!"

"अन् विमान?"

"विमान नाई. नुसता टाइम देल्ला हाय."

"मंग अर्धं काम झालं म्हना की!"

*

मोबाइलवर माझा विश्वास नाही. शाळा सातवीत सुटली, भूगोल मी गावोगाव पाइप पोचवताना शिकलो. म्हणून भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून पाहिला. तेवढंच भरलं!

काकांनी दोऱ्यावरून बोट फिरवलं. "अन् याच्यात मुर्तिजापूरचा चहा कुठी हाय?"

बरोबरच आहे. आमच्याकडे अमरावती म्हणजे दोन तास अन् एक चहा.

*

अर्ज घेऊन कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "अमरावतीला विमान आहे ना? जवळच तर आहे!"

काका म्हणाले, "साहेब, शेजाऱ्याचं सैपाकघरही जवळच असते. म्हून का आपल्या घरी चूल नाई मांडाची?"

साहेब हसले. पण लगेच म्हणाले, "ते ठीक आहे हो. अकोल्याचे प्रवासी कुठून आणणार? आकडा दाखवा, अर्ज वर पाठवतो."

बाहेर येऊन काकांनी अर्जाची घडी खिशात घातली. "आकडा पायजे ना? देतो!"

*

त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न. हिवरखेडचा एक जण तुरीचं बियाणं न्यायला आला. काका म्हणाले, "विमानात बसशीन का?"

"बसतो ना काका! पन आधी हे सांगा, बियानं उगवन का?"

"दोनी उगवन! थोडा दम धर!"

*

मग मला आणि काकांना मुंबईला जायचं काम निघालं. काका म्हणाले, "विमानानंच जाऊ. दुश्मनाची तयारी पाहून येऊ."

सकाळी अकोल्याहून पूर्वेला निघालो, मुर्तिजापूरला चहा घेतला, बेलोऱ्याला पोचलो. विमान उडालं आणि वळलं पश्चिमेला! काका खिडकीशी, नजर घड्याळावर. पंधरा मिनिटं झाली असतील, खाली मोर्णा नदी दिसली. मग शिवणीची मोकळी धावपट्टी. सकाळपासून प्रवास करून आम्ही आमच्याच घराच्या डोक्यावर!

काका ताडकन उठायला गेले. विमानातली मुलगी धावत आली, "सर, प्लीज बसून घ्या!"

काका बसले. आणि बसल्या जागेवरून एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात ओरडले, "चला ऽऽ, शिवणीवाले उतरून घ्या!"

विमानभर खटाखट सीटबेल्ट सुटले!

काकांनी खिशातून अर्ज काढला, पेनासकट माझ्या हातात दिला.

"मोज!"