प्लास्टिकमधली पुस्तकं घेतली, बाबांच्या वह्या नाही

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

माझे बाबा मुरबाडला डॉक्टर होते. मागच्या वर्षी गेले. त्यांची पुस्तकं एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीला द्यायची, असं आईने ठरवलं. सोबत त्यांच्या अकरा वह्या होत्या. साप चावून आलेला प्रत्येक पेशंट त्यांनी त्यात लिहून ठेवला होता. वैशाखऱ्यासारख्या आसपासच्या गावाहून किती वाजता निघाला, जीप कधी मिळाली, काय औषध दिलं, वाचला की नाही.

सकाळी दोन पिशव्या घेऊन एसटीने गेले. ग्रंथपालांनी पुस्तकं उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, या आवृत्त्या जुन्या आहेत. कॉलेजच्या इन्स्पेक्शनला चालत नाहीत."

"आणि वह्या?"

"हाताने लिहिलेलं आम्ही कुठे नोंदवणार?"

एकही वही त्यांनी उघडली नाही.

शेवटी चार पुस्तकं ठेवून घेतली. औषध कंपन्यांनी भेट दिलेली, बाबांनी ज्यांचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं ती. ती देताना माझा फोटोही काढला.

परतल्यावर पिशव्या शेजारच्या काकूंकडे लपवल्या आणि घरी गेले. आई दारातच उभी होती.

"ठेवल्या का गो वह्या? पोरं वाचतील ना?"

"हो आई. वेगळं कपाट दिलंय त्यांना."

आई आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी तिला वाढत राहिले.

तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला खरं सांगितलं असतं का?