दोन सीटच्या गाडीत बाप्पा

स्पोर्ट्स कार घेताना आधी आपली गरज बघावी, मग बजेट. आमच्या घरी आधी गणपती बघितला गेला.

पन्नाशी उलटल्यावर मला लाल, बसकी, दोन सीटची गाडी हवी होती. बजेट मी सेकंडहँडमध्ये बसवलं. गरज काय, हा प्रश्न फणसवाडीत राहणाऱ्याने स्वतःला विचारू नये. (वाडीत ती पहिल्या गिअरच्या वर जाणारच नव्हती.) तो माझ्या बायकोने, वंदनाने, विचारला.

"यात गणपती कसा आणणार?"

"वर्षातून एकदा तर आणायचा. टॅक्सी करू."

"दारात गाडी असताना बाप्पा टॅक्सीने? मग घेताच कशाला?"

आई लगेच तिच्या बाजूने. लग्नापासून या सासू-सुनांचं कशावर एकमत झालं नव्हतं, ते नेमकं माझ्या गाडीवरून व्हावं! शेवटी ठरलं, बाप्पा नीट घरी आले तर गाडी घ्यायची. मीही हट्टाने मूर्ती आणायच्याच दिवशी गाडी ट्रायलला मागून घेतली.

लालबागला मूर्तीच्या कारखान्यात बाप्पाच्या तोंडावर रुमाल घातला, मी डोक्यावर टोपी घातली, आणि मग लक्षात आलं. मूर्ती घरच्या कर्त्याच्या मांडीवर. मग चालवणार कोण?

"सरका," वंदना म्हणाली आणि स्टिअरिंगवर बसली.

स्वप्न माझं, आणि मी पाट धरून बाजूला! सिग्नलला एका बाइकवाल्याने अंगठा उंचावून तिला दाद दिली, बाप्पाला नमस्कार केला. मधे मीही होतो. पण माझी दखल कोण घेतो?

वाडीत सगळे जमले होते. आई ओवाळायचं ताट घेऊन खाली जिन्यापाशी.

"उतरा," वंदना म्हणाली.

कसा उतरणार? सीट रस्त्यापासून वीतभर वर, पाय समोर लांब, दोन्ही हातांत बाप्पा. जोर लावायला एक अवयव मोकळा नाही.

"काय रे, अडकलास?" शेजारचा नंदू, माझा बालमित्र, वाकून म्हणाला.

"उतरतोय."

"कधी?"

"नंदू, गप बस."

"आधी बाप्पाला घे रे नंदू," आई म्हणाली. "याचं बघू नंतर."

ही माझी सख्खी आई! नंदूने मूर्ती घेतली. वर माझी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर चढवली. आईने त्याच्या पायांवर दूध-पाणी घातलं, त्याला ओवाळलं, आणि "मोरया" करत अख्खी वाडी जिना चढली. आता माझे हात सुटले होते, पण मूर्तीच्या भाराने पाय पार बधिर झालेले. वरून झांजा ऐकू येऊ लागल्या. मला हाक मारावी असं एकालाही वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने वंदना खाली आली आणि तिने खिडकीतून पेढा दिला.

"बाप्पा अगदी नीट आले हो. ठरलं होतं तसं, घेऊन टाका गाडी. आईंचीही हरकत नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"नंदूभाऊजी आहेत ना उचलायला."

म्हणजे घरात आता या गाडीला कोणाचाच विरोध नव्हता. फक्त माझा होता, आणि तोही मला बसल्या बसल्याच नोंदवावा लागला.