अकरावा खण

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा पुढच्या दोन बाकांवरची मुले उठून उभी राहिली. मी शिक्षिका असणार, असा त्यांचा समज झाला होता. मी मान खाली घालून तिसऱ्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "आयला, काकू तर बसल्या." हशा झाला आणि विरलाही. 'काकू' हे नाव मात्र तीन वर्षे टिकले.

मी एकतीस वर्षांची होते. लग्नाआधी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली होती, तिच्या आधारावर संगणक अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला. मधली नऊ वर्षे राजुरीला सासरी गेली होती. महाविद्यालय आंबेगाव तालुक्यात, म्हणजे आळेफाट्याला जीप बदलून पुढे एसटी. पती हायस्कूलमध्ये शिक्षक होते. "जमेल तुला," एवढेच ते म्हणाले. त्यांचा माझ्यावर जेवढा विश्वास होता, तेवढा माझा कधीच नव्हता.

माझे वडील संस्कृत शिकवत. छापलेल्या शब्दाविषयी आमच्या घरी फार आदर होता आणि हाताने लिहिलेला मजकूर नीटनेटका असेल, तर त्यालाही त्यातला थोडा आदर मिळे. पदविकेच्या प्रयोगशाळेत माझ्या मीटरवरचे मोजमाप पुस्तकातल्या उत्तराशी जुळले नाही, की चूक माझ्या डोळ्यांची, हे मी कोणी न सांगता समजून घेई आणि खोडरबर उचली. हे सांगायला हवे, कारण पुढे जे घडले त्याला दुसरे काही कारण मला आजवर सापडलेले नाही.

त्या सत्रात मायक्रोप्रोसेसरचे प्रयोग होते. प्रयोगशाळेत लाकडी पेटीएवढी यंत्रे होती, त्यांना सगळे 'किट' म्हणत. वर लहान कळा आणि लाल आकड्यांची एक अरुंद पट्टी. प्रोग्रॅम दोन-दोन अक्षरांच्या संकेतांत एकेक करून कळांनी भरायचा. वीज गेली की भरलेले सारे पुसले जाई. भारनियमनाची ती वर्षे होती आणि जनरेटरवर फक्त ऑफिस चाले.

प्रत्येक किटवर दोघे. माझ्याबरोबर बसायला मुले तयार नव्हती आणि मुलींच्या जोड्या आधीच ठरल्या होत्या. शेवटी बोरी बुद्रुकची एक मुलगी आपला स्टूल ओढत माझ्याकडे आली. एकोणीस वर्षांची, काटकुळी, बोलायला मोकळी. "ताई, मी बसते तुमच्यासंगं," ती म्हणाली. "माझं अक्षर लई घाण हाय, पण कळा मी फाष्ट दाबते." तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिने कंपन्यांची अट लिहून ठेवली होती. शेवटच्या वर्षी नोकरीच्या परीक्षेला बसायचे, तर निकालपत्रावर एकदाही नापासाची खूण असता कामा नये. त्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. त्यांच्या गावातून कंपनीत गेलेली मुलगी अजून एकही नव्हती.

ती कळा दाबी आणि मी जर्नल लिही. जर्नलाची आमच्याकडे एक रीत होती. वरच्या वर्गाचे एक जुने जर्नल दरवर्षी खाली येई. त्यातले प्रोग्रॅम, आकडे, उत्तरे सगळे तपासलेले, सरांच्या सह्यांसह. त्यावरून एकाने नीट लिहायचे आणि त्याच्यावरून बाकीच्यांनी उतरवायचे. माझ्या अक्षरामुळे ते काम माझ्याकडे आले. "काकूंचं जर्नल आलं का?" हा प्रश्न मी दर आठवड्याला कॉरिडॉरमध्ये ऐके. मला ते आवडत होते, हे मी लपवत नाही. प्रयोगशाळेच्या सरांनी एकदा माझे जर्नल वर्गासमोर उंच धरून "याला म्हणतात काम" असे म्हटले. त्या वाक्यावर मी कित्येक दिवस काढले.

सातवा प्रयोग सोपा होता. यंत्राच्या स्मृतीतल्या शेजारशेजारच्या दहा खणांत दहा संख्या ठेवायच्या आणि यंत्राने त्यांतली सर्वांत मोठी शोधून दाखवायची. त्या दिवशी वीज दोनदा गेली. दोनदा सारे पुन्हा भरावे लागले. बोरीच्या रस्त्याला उसात बिबट्याचा वावर असल्याने शेवटची जीप दिवस मावळायच्या आत सुटे, आणि ती चुकली तर त्या मुलीला घरी पोहोचणे अवघड होते. तिसऱ्यांदा प्रोग्रॅम चालला तेव्हा पट्टीवर 'एफएफ' उमटले. यंत्राच्या एका खणात मावणारी ती सर्वांत मोठी संख्या, आणि आमच्या दहांत ती कुठेच नव्हती. जुन्या जर्नलात उत्तर होते अठ्ठ्याण्णव.

"ताई, हितं एफएफ येतंय."

"कुठेतरी कळ चुकली असेल."

"न्हाई ओ. मी दोनदा बघितलं. परत चालवू?"

पुन्हा एफएफ. मी घड्याळाकडे पाहिले. "राहू दे. अठ्ठ्याण्णव लिहू. तुझी जीप जाईल."

ती क्षणभर पट्टीकडे पाहत राहिली. "तुमी म्हणता तर लिवते," ती म्हणाली, आणि तिने माझ्यावरून उतरवले. पुढच्या आठवड्यात साऱ्या वर्गाने उतरवले. सरांनी सह्या केल्या.

सत्राअखेरीस तोंडी परीक्षा होती. बाहेरून पुण्याचे एक परीक्षक आले होते. टेबलावर घडी केलेल्या चिठ्ठ्या पसरलेल्या. चिठ्ठीत जो प्रयोग निघेल तो किटवर करून दाखवायचा आणि मग प्रश्नांना उत्तरे द्यायची. मला चौथा निघाला. शेजारच्या किटवर त्या मुलीला सातवा निघाला. तिला तो प्रोग्रॅम पाठ होता. तिने भराभर कळा दाबल्या आणि पट्टीवर एफएफ उमटले.

परीक्षक वाकून पाहू लागले. "तुमच्या दहा संख्यांत ही आहे का?"

"नाही, सर."

"मग आली कुठून?"

"ते ठाऊक नाही, सर. पण प्रॅक्टिकललाबी हेच आलं व्हतं."

त्यांनी तिचे जर्नल उघडले. "इथे तर अठ्ठ्याण्णव लिहिलंय. सही आहे."

 माझे नाव तिने घेतले नाही, फक्त एकदा माझ्याकडे पाहिले. परीक्षकांना ते दिसले असावे. "पार्टनर कोण हिची? तुम्ही का? बरं, तुम्हाला काय आलं होतं?"

आमचे सर त्यांच्या मागेच उभे होते. माझे जर्नल माझ्यासमोर उघडे होते. 'आम्हालाही एफएफच आले होते', एवढेच म्हणायचे होते. त्याने माझे काहीही बुडणार नव्हते. मला कोणत्या कंपनीत जायचे नव्हते, आणि त्या वयात घेतलेही कोणी नसते. तरीही माझ्या तोंडून शब्द आले ते असे:

"अठ्ठ्याण्णव, सर."

"ऐकलंत?" ते तिला म्हणाले. आवाज चढला नव्हता. "स्वतःची चूक प्रयोगावर ढकलायची नाही."

त्यानंतर त्यांनी तिला आणखी चार प्रश्न विचारले. एरवी तिने त्यांची उत्तरे दिली असती. त्या दिवशी तिला एकही आले नाही.

परतीच्या एसटीत रोजच्यासारखीच दाटी होती. अशा दाटीत तिची पिशवी नेहमी माझ्या मांडीवर असे. त्या दिवशी ती तिने स्वतःच्या पोटाशी धरली. आळेफाट्यापर्यंत आम्ही दोघी कांद्याच्या शेतांकडे पाहत राहिलो. उतरताना ती म्हणाली, "येते, ताई." तक्रारीचा शब्दही नाही. तो असता तर मला काहीतरी उत्तर देता आले असते.

निकालात तिचे लेखी सगळे विषय निघाले आणि मायक्रोप्रोसेसरची तोंडी राहिली. वर्ष वाया जाणार नव्हते. सहा महिन्यांनी पुन्हा देता येणार होती. पण खूण लागली ती लागली. सूचनाफलकासमोर एक मुलगा तिला म्हणाला, "एवढ्या सोप्या ओरलला कोण उडतं का, राव?" ती म्हणाली, "आमी उडतो. आमाला पंख हायेत." ते हसले. मी फलकावर माझेच नाव वाचत उभी राहिले. मला त्या विषयात वर्गात सर्वाधिक गुण होते.

त्याच आठवड्यातली एक दुपार. माझी लेक शाळेत गेलेली, घरातली माणसे शेतावर. मी ओट्यावर दहा वाट्या एका ओळीत मांडल्या, दहा चिठ्ठ्यांवर त्या संख्या लिहून एकेक वाटीत टाकली आणि यंत्र करते तसे बोटाने करत गेले. पहिल्या वाटीतली संख्या हातात घेतली. मग पुढची पाहायची, मोठी असेल तर ती घ्यायची, नसेल तर पुढे जायचे. किती वेळा? प्रोग्रॅममध्ये लिहिले होते, दहा वेळा. पहिली हातात घेतल्यावर पाहायच्या उरतात नऊ. दहाव्या खेपेला माझे बोट शेवटच्या वाटीच्या पुढे गेले आणि मिठाच्या बरणीवर टेकले.

यंत्र अकराव्या खणात डोकावत होते. तिथे जे पडलेले असेल ते उचलत होते. ज्या विद्यार्थ्याने कधीकाळी पहिल्यांदा तो प्रयोग केला, त्याच्या किटवर अकराव्या खणात काहीतरी लहान असणार, म्हणून त्याला अठ्ठ्याण्णव मिळाले. तो खोटे लिहीत नव्हता. खोटे मी लिहिले. त्या मुलीच्या कळा बरोबर होत्या, डोळे बरोबर होते, आणि मी तिला थांबवले नसते तर ती चूक तिनेच शोधली असती, याविषयी मला शंका नाही. "परत चालवू?" असे तीच तर म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. कागदावर दहा चौकोन काढून त्यांना दाखवले. त्यांनी एकेका चौकोनावरून पेनचे टोक फिरवले.

"बरोबर आहे तुमचं, मॅडम," ते म्हणाले. माझ्या वयामुळे ते मला मॅडम म्हणत. "इतकी वर्षं मी यावर सह्या करतोय." मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पण तोंडीच्या गुणांची फेरतपासणी नसते. हे तुम्ही तिथंच बोलायला हवं होतं."

"मी अर्ज देते, सर."

"काय लिहिणार त्यात? मी खोटं बोलले म्हणून?"

मी तसेच लिहिले. ऑफिसातल्या लिपिकाने वाचून एकदा माझ्याकडे पाहिले आणि आवकचा शिक्का मारला. त्या अर्जाचे उत्तर आले नाही.

तिला सांगायला मला आणखी आठ दिवस लागले. आळेफाट्याच्या स्टँडवर, एसटीची वाट पाहताना, मी वाट्यांपासून अर्जापर्यंत सगळे सांगितले. बरणीवर बोट टेकले तिथे ती हसली. "म्हंजे मिठाची बरणी सगळ्यात मोठी." मग तिचे हसू गेले. "ताई, चूक कुठं व्हती ते मला नंतर घावलं व्हतं. त्याचं काय न्हाई. तुमी फक्त म्हणायचं व्हतं, की मलाबी तेच दिसलं."

 एसटी आली आणि आम्ही चढलो.

ती माझी जोडीदार राहिली. का राहिली, हे मी तिला विचारले नाही. मात्र पुढच्या सगळ्या प्रयोगांत पट्टीवर आकडा उमटला, की मी काही म्हणायच्या आत ती तो पेनने आपल्या जर्नलात लिहून टाकी. आकडा आधी पेन्सिलने लिहून मग जुन्या जर्नलाशी जुळवायची आमची सवय तिने सोडली. सहा महिन्यांनी ती पुन्हा तोंडीला बसली तेव्हा मी प्रयोगशाळेबाहेर थांबले होते. परीक्षक वेगळे होते. ती बाहेर आली.

"काय विचारलं?"

"मीच विचारलं. म्हणलं, सर, जर्नलमधलं सांगू का दिसतंय ते सांगू?"

"मग?"

"हसले. पास करतील." ती पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरू लागली होती.

शेवटच्या वर्षी कंपनी आली. पात्र विद्यार्थ्यांची यादी लागली. तीत माझे नाव होते. मी बसणार नव्हते, पण सरांनी बसायला लावले आणि मला नाही म्हणता आले नाही. सभागृहात पिशव्या न्यायला मनाई होती. दाराशी मी इकडेतिकडे पाहत असताना तिने हात पुढे केला. ती का आली होती, कोण जाणे. यादीत तिचे नाव नव्हते.

"द्या हिकडं, ताई. मी हाय हितंच."

मी पिशवी तिच्याकडे दिली. तिने ती पोटाशी धरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आत दोन तास मी प्रश्नपत्रिका समोर ठेवून बसले. काही उत्तरे येत होती, ती लिहिली. जी येत नव्हती, त्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्या. शेजारचा मुलगा कुजबुजत आपले पर्याय सांगत होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही. माझी निवड झाली नाही.

बाहेर आले तेव्हा ती तिथेच, त्याच भिंतीशी होती.