हौसामावशींची मुळी

लेकीने नेलपॉलिश पुसायची बाटली उघडली आणि त्या वासाने मला पनवेलच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. गव्हाण गावच्या हौसामावशी तापावर जी मुळी द्यायच्या, तिच्यातून मी एक घटक वेगळा केला होता. काचेच्या बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशींवर तो तीनदा तपासला. तिन्ही वेळा पेशी मेल्या.

मी तडक गव्हाण गाठलं. मावशी मुळी उगाळत होत्या, समोर आईच्या मांडीवर तापाने फणफणलेली पोर.

“मावशी, देऊ नका! विषारी असेल ती.”

“आमी जलमभर दिली. कोन मेला नाय.” त्यांचा हात थांबेना.

बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही ठाऊक होतं. “खात्री नाही, पण मला भीती वाटते,” एवढंच म्हणाले.

त्यांनी सहाण पालथी केली. “डाक्टरकडं ने हिला,” पोरीच्या आईला म्हणाल्या.

तेव्हा मला नुसतं हायसं वाटलं. माझ्या भीतीखातर त्यांनी जन्मभराची विद्या बाजूला ठेवली, हे आज जाणवतं.